आठवड्याला एक फोटो

(खोडद, ता. जुन्नर इथल्या बायकांबरोबर वर्षभर चाललेल्या एका उपक्रमाविषयी कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मघाशी माझी ओळख करून देताना 'फोटोग्राफीचं काम करणाऱ्या ताई' असं म्हटलं गेलं. आधी ते दुरुस्त करते. मला फोटो काढता येत नाहीत. माझ्या फोटोत माणसांची डोकी कापली जातात, नाहीतर हात हलून सगळं पुसट होतं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती आहे. बचत गट, हिंसेच्या केसेस, रेशन, निराधार पेन्शनचे अर्ज हे माझं रोजचं काम. फोटोंच्या भानगडीत मी पडले ती एका दहाव्यामुळे.

खोडदच्या आमच्या गटातल्या एक आजी वारल्या. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. त्यावरचा फोटो पाहून मला कसंतरीच झालं. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला. डोळे ताणलेले, चेहरा काळवंडलेला, मागे पांढरी भिंत. ज्या बाईनं चार मुलांची लग्नं केली, नातवंडांची जावळं केली, वर्षानुवर्षं जत्रेला पाहुण्यांची पंगत उठवली, तिचा एकटीचा धड फोटो घरात नव्हता. नंतर मी सुनेबरोबर बसून घरातले आल्बम चाळले. आजी होत्या, पण अर्ध्या. कुठे पाठमोऱ्या वाढताना, कुठे दुसऱ्याचं पोर कडेवर धरून चौकटीच्या कडेला. एका फोटोत नवरीला ओवाळताना नुसता हात आणि ताम्हण. सून म्हणाली, "हा हात आत्याबाईंचा. बांगड्यांवरनं सांगते."

पुढच्या बैठकीत मी हे बोलले. बायका हसल्या. "ताई, आमचं काय येगळंय?" मग ठरलं की दर गुरुवारी बैठकीला येताना प्रत्येकीनं त्या आठवड्यातला एक फोटो आणायचा. स्वतः काढलेला. तो का काढला ते चार वाक्यांत सांगायचं. एवढेच नियम. वर्ष कसंही पुरं करायचं.

कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. कॉलेजात असताना आम्ही वाचलं होतं की १९९० नंतरच्या वर्षांत चीनमधल्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी ६२ खेडूत बायकांच्या हातात कॅमेरे दिले होते. त्यातल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले, एकत्र बसून त्यावर बोलल्या, आणि पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींचं शिक्षण हे विषय अधिकाऱ्यांसमोर गेले. पुढे या पद्धतीला 'फोटोव्हॉइस' असं नाव पडलं. आपल्याकडे पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले, त्यांचं प्रदर्शन ठिकठिकाणी फिरलं. मुंबईत १९८८ पासून 'स्पॅरो' ही संस्था बायकांचे फोटो, आवाज, आठवणी जपून ठेवते आहे. हे सगळं डोक्यात होतं. पण तिथल्या बायकांना कॅमेरे मिळाले होते. आमच्याकडे पहिला प्रश्न आला, फोन कुणाचा?

घरात फोन असतो हो. आता कुठल्या घरात नाही? पण तो नवऱ्याचा, मुलाचा, कॉलेजात जाणाऱ्या दिराचा. बाईकडे असतो तो जुना, काच फुटलेला, बोलण्यापुरता. निम्म्याहून जास्त जणींना आठवड्याचा फोटो काढायला घरात कुणाकडे तरी फोन मागावा लागायचा, आणि मागितला की "कशाला?" हे आलंच. पहिले दोन महिने आमचा अर्धा वेळ या 'कशाला'वर बोलण्यातच गेला. मी त्याला वाया गेलेला वेळ समजत नाही.

सुरुवातीचे फोटो कसे होते, हे तुम्ही ओळखलं असेल. नातू. देवीचा गाभारा. दारातली रांगोळी. नवऱ्याचा नवा ट्रॅक्टर, हार घातलेला. सगळं छान, सणासुदीचं. मी थोडी खट्टू झाले होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात बायका शोषणाचे फोटो घेऊन येतील! आपण शिकलेल्या कार्यकर्त्या असंच करतो, त्यांच्या जगण्यातला आपल्याला हवा तो भाग आधी मागतो. एका काकूंनी मला सरळ विचारलं, "ताई, तुम्हाला आमच्या घरातलं चांगलं बघवत न्हाई का?" तेव्हापासून मी गप्प बसायला शिकले.

गप्प बसल्यावर फोटो आपोआप बदलले. पाचव्या-सहाव्या गुरुवारी एकीनं विझलेल्या चुलीचा फोटो आणला. घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. म्हणाली, "रात्री सगळी निजल्यावर ह्याच्यावर पाणी मारलं. तवर माझा दिवस चालूच असतो." दुसरीनं पहाटे गोठ्यात ठेवलेल्या चहाच्या कपाचा काढला. वर साय धरलेली. धारा काढून होईपर्यंत तो असाच गार होतो म्हणे, बारा वर्षं. तिसरीनं टोमॅटोचे क्रेट. तोडणीला घरच्या तिघी बायका आणि वर मजूर बाया, क्रेट भरून रचेपर्यंत पाठीचा काटा ढिला होतो. मग गाडी नारायणगावच्या बाजारात जाते आणि पट्टी होते ती घरधन्याच्या नावावर. तिनं पट्टीचाही फोटो काढला होता, क्रेटच्या शेजारी ठेवून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास कुणी उठलं नाही.

मग मी आकडे काढून नेले. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली होती. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात, पुरुषांची ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली, तेव्हा बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत दोघांचंही घरकाम थोडं कमी झालं, फरक जिथल्या तिथे. साय धरलेल्या कपाची मालकीण म्हणाली, "दहा मिनटं वाचली म्हणायची. कुठं गेली ती?" आकड्यांवर इतकी चांगली टीका मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही.

इथे एक चूक सांगते, माझीच. गटातल्या काही बायका बागायतदार घरांतल्या. त्यांच्या शेतावर पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून मजुरीला आलेल्या ठाकर बाया असतात. एका आठवड्यात दोघींनी त्यांचे फोटो आणले. खुरपणाऱ्या बायांची ओळ, उन्हात, मागे डोंगर. दिसायला इतके सुंदर की मी आमच्या अहवालावर छापायचं ठरवलं. त्यातल्या एका बाईची आणि माझी नंतर गाठ पडली, तिला फोटो दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाई. माझ्या डोईवर पदर पण न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "मंग एकदा माझ्या हातात पण द्या. मी मालकिनीचा काढते." मला लाज वाटली. फोन घेऊन आपण बायकांनीही बायकांवर तेच केलं होतं जे इतके दिवस आपल्यावर होत आलं. फोटो अहवालात गेला नाही. पुढे त्या दोघी-तिघी मजूर बायांनीही फोटो काढले, कामाच्या मधल्या सुट्टीत, आमच्या फोनवर. त्यांतला एक मालकिणीचाच आहे. बांधावर छत्री धरून उभी आहे, पायात चपला. मालकिणीला तो आवडला नाही. पण तिनं तो बैठकीत सगळ्यांना दाखवला, हे तिचं मोठेपण.

बिबट्याचंही सांगायला हवं, आपल्या भागात ते टळत नाही. २०२५ साली शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे फोटो तुम्ही पाहिले असतील, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणारी माणसं. ते देशभर छापून आले. आमच्या गटातल्या एकीचा फोटो तसा नाही. त्यात काहीच दिसत नाही, नुसती संध्याकाळ आणि उसाची कड. ती म्हणाली, "इथं मी वाकून घास कापते. वाकलं की त्याला माणूस वाटत न्हाई म्हणतात. म्हणून दर पाच मिनटाला उभी राहाते." वाकायचं, उभं राहायचं, मागे बघायचं. असला फोटो कोण छापणार?

आता सहलींकडे येते. गावाकडे बायकांना सहल कुठली, असं म्हणायची पद्धत आहे. ते तितकंसं खरं नाही. ओझर-लेण्याद्रीला जाणं होतं, शिवनेरीला होतं, पावसाळ्यात दोन-तीन घरं मिळून जीप करून नाणेघाटात जातात. पण सहलीच्या आदल्या रात्री कोण जागतं आणि डोंगरावर सतरंजी कुणी पसरायची हे ठरलेलं असतं. एकीनं नाणेघाटाच्या सहलीचे घरच्यांच्या फोनमधले सगळे फोटो मोजले. चाळीसच्या वर. ती तीनात होती, तिन्हींत डबे उघडताना. म्हणून तिनं स्वतःचा म्हणून जो काढला तो गुहेच्या आतला आहे, अंधारा.

नाणेघाटाच्या त्या गुहेविषयी थोडं बोलू द्या, कारण तो आपल्या तालुक्याचा सगळ्यात जुना कौटुंबिक फोटो आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातवाहन राणी नागनिकेनं तिथे मोठा ब्राह्मी लेख कोरवला. कोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, कार्षापण दान दिले याचा त्यात हिशोब आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्या नाहीत, वरची काही नावं तेवढी राहिलीत. सिमुक सातवाहन, मग 'देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि', मग कुमार, महारठी. राणीचं नाव राजाच्या आधी आहे. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा एका आजींनी विचारलं, "मूर्ती गेल्या आन् नाव ऱ्हायलं?" आणि मग स्वतःशीच म्हणाल्या, "आमचं उलटं. आम्ही हाय, नाव न्हाई." सातबारा कुणी काढून आणायचा, यावर त्या दिवशी पहिल्यांदा बोलणं झालं.

दुसरी सहल घरापासून चालत जाण्यासारखी. खोडदचं नाव जगात झालं ते दुर्बिणीमुळे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ इथे जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, तेव्हा शाळांच्या गाड्यांची रांग लागते. आमच्या गटातल्या बहुतेक जणींनी तबकड्या रोज पाहिलेल्या, गुरं वळताना, घास आणताना. आत मात्र गेल्या नव्हत्या. मुलांना पाठवलं होतं, डबे देऊन. त्या वर्षी त्या गेल्या. ठेवणीतली लुगडी-साड्या, सोबत सासूबाई. आणि आत मोबाईल चालू ठेवता येत नाही! दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की जवळच्या मोबाईलचा गोंधळ त्यांना बुडवून टाकतो. हे ऐकल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "मंग आमच्या घरातला आवाज पण जात असंल की तिकडं." आम्ही इतक्या हसलो की माहिती देणारा मुलगा बावरला.

त्या आठवड्यात कुणाकडेच फोटो नव्हता. तेव्हा प्रत्येकीनं, फोटो काढता आला असता तर कशाचा काढला असता, ते सांगितलं. एक म्हणाली, "सासूबाई मान वर करून बघत होत्या. त्यांना मी आजवर खाली बघतानाच पाहिलंय." मला वर्षभरातला सगळ्यात लक्षात राहिलेला फोटो विचाराल तर तो हा, न काढलेला.

सगळं असं हसतखेळत झालं नाही. एकीनं आपल्या ताटाचा फोटो काढला होता. सगळ्यांची जेवणं झाल्यावरचं ताट, भाकरीचा तुकडा आणि भाजीचं नुसतं पाणी. तो नवऱ्यानं पाहिला. "घराची अब्रू गावात मांडतेस?" फोटो पुसला, फोन काढून घेतला, आणि दोन गुरुवार ती आली नाही. तिसऱ्या गुरुवारी आली तेव्हा हाताला पट्टी होती. फोटोमुळे तिला मार पडला, म्हणजे माझ्यामुळे पडला, असं मला वाटत होतं. उपक्रम थांबवू या म्हणाले. तर तीच चिडली. "फोटो नव्हता तवा काय मारत नव्हता?" आम्ही तिची केस घेतली, ते काम अजून चालू आहे, त्याविषयी इथे जास्त बोलणार नाही. पण तेव्हापासून एक केलं. फोटो फोनमध्ये ठेवायचे नाहीत. दर महिन्याला वर्गणी काढून नारायणगावच्या स्टुडिओतून कागदावर छापून आणायचे. बालवाडीच्या कपाटात एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. फोन कुणीही हिसकावतो, पेटीला कुलूप आहे.

आता शेवटचा फोटो. हा मी आज सोबत आणलेला नाही, दाखवणारही नाही, जिचा आहे तिनं फक्त सांगायची परवानगी दिली आहे.

तोही सहलीचाच फोटो. जीपच्या पुढे माहेरची सगळी उभी आहेत. दोन भाऊ, भावजया, भाचरं, मध्ये ही. अंगावर नवी साडी, भावानं घेतलेली, घडी मोडलेली सुद्धा दिसते. हातात आइस्क्रीम. सगळी हसताहेत. बैठकीत बायका म्हणाल्या, "भारी आलाय गं. कुठं गेलता?" ती म्हणाली, "हक्कसोडला."

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून बाहेर पडल्यावरचा तो फोटो होता. वडील गेल्यावर भावांनी बोलावून घेतलं, साडी घेतली, जेवू घातलं, गाडीनं नेलं, सही घेतली. आत कचेरीत तिला खुर्चीवर बसवून संगणकावर तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणलं, ताई, इकडं बघा, सरळ बसा. एकटीचा फोटो. तो कुठाय, तर त्या कागदावर."

महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा देणारी दुरुस्ती १९९४ साली झाली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. हे सगळं मी शिबिरांत कितीदा सांगितलंय. फळ्यावर लिहिलंय. माना डोलावल्या जातात आणि माहेर तुटेल या भीतीनं सह्या होतात. त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. सासरी मार पडल्यावर बाई जाते कुठे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या आइस्क्रीमच्या फोटोनं जे केलं ते माझ्या फळ्यानं कधी केलं नव्हतं. खोलीत एकेक जण बोलायला लागली. कुणाला पैठणी, कुणाला नुसती साधी साडी आणि भेळ. एकीला काहीच नाही, घरीच कागद आणला आणि पोळ्या लाटता लाटता सही घेतली. त्या दिवशी खोलीत बसलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी कधी ना कधी सही केलेली होती.

एकीची बाकी होती. तिच्या भावाचा निरोप आलेला होता, पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो म्हणून. तिनं कळवलं, सध्या टोमॅटोची तोडणी आहे, जमणार नाही. मग म्हणाली, पोराची परीक्षा आहे. मग काहीच कळवलं नाही. नाही म्हटलेलं नाही तिनं, अजूनही. वकिलांकडे एकदा माझ्याबरोबर आली, सातबाऱ्याचा उतारा घेतला, तो पेटीतच ठेवलाय.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी तिनं फोटो आणला. भाऊबिजेचा. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, करदोटा. पाटावर कुणी नाही. मी विचारलं, किती वाजता काढलास? म्हणाली, "संध्याकाळी सात. नऊपर्यंत वाट बघितली." बायका काही बोलल्या नाहीत. मग पुसलेल्या ताटाच्या फोटोवाली उठली आणि पेटीची किल्ली घेऊन आली.

तिचा भाऊ अजून आलेला नाही. तिची सहीही झालेली नाही. माझ्याकडे विचारायला फोन येतो तेव्हा मी कायदा सांगते, सही कर किंवा करू नकोस असं सांगत नाही. ते बरोबर की चूक, यावर तुम्हा सगळ्यांशी मला चर्चा करायची आहे. जेवणानंतर बसू या.